पिशवी अशोकारिष्टानं वाचली नसती

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली. तेव्हापासून आमच्या लातूर जिल्ह्यातल्या देवणी-उदगीर भागात एक वाक्य रुळलं आहे : "या बायकांनी वेळेवर अशोकारिष्ट घेतलं असतं, तर पिशवी काढायची वेळच आली नसती." अशोकारिष्ट म्हणजे अशोकाच्या सालीचं, बाटलीत मिळणारं आयुर्वेदिक औषध. हे वाक्य औषधाच्या दुकानात ऐकू येतं, लग्नाच्या मांडवात ऐकू येतं, आणि मोबाइलवरच्या आरोग्यसंदेशांतून तर पुन्हा पुन्हा येतं. बोलणारा माणूस बहुतेक वेळा चांगल्या मनाचा असतो. दवाखान्यातल्या लुटीची त्याला चीड असते, आपल्या जुन्या विद्येबद्दल आपुलकी असते आणि बायकांविषयी कळवळाही असतो. म्हणूनच त्याला शेवटपर्यंत उत्तर द्यायला हवं. हे वाक्य चुकीचं आहे आणि त्या चुकीची किंमत बायका स्वतःच्या रक्तानं मोजतात, असं मला ठामपणे वाटतं.

त्यातला खरा भाग आधी मान्य करू. पिशव्या काढल्या गेल्या आणि गरज नसताना काढल्या गेल्या. जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत आकडा सांगितला : बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढण्यात आली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानं सगळ्या राज्यांना याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. तेव्हा दवाखान्यांवरचा राग अनाठायी नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर पस्तिशीच्या बाईची पाळी एका दिवसात कायमची जाते आणि पुढं हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका वाढणं हे सगळं तिच्या वाट्याला लवकर येतं. हा अन्याय कमी लेखणारा एक शब्दही मला लिहायचा नाही.

पण "पिशवी उगाच काढली" यावरून "अशोकारिष्टानं ती वाचली असती" हे सिद्ध होत नाही. मधली सगळी वाट कुणी चालूनच पाहिलेली नाही.

ती वाट कशी आहे? बाई दवाखान्यात जाते ती तीन तक्रारी घेऊन : अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पाळीत फार जातं. पांढरं जाण्यामागं बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो. उसाच्या फडाकडेच्या पालावर न्हाणीघर नाही, संडास नाही, पुरेसं पाणी नाही. पाळीचं कापड धुवायला आणि उन्हात वाळत घालायला आडोसा नाही. नवऱ्याकडून आलेला संसर्ग असेल, तर एकट्या बाईवर उपचार करून तो जातही नाही, दोघांनाही औषध लागतं. ओटीपोट आणि कंबर दुखते, कारण पहाटेपासून वाकून तोडायचं आणि मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. बाळंतपणानंतर पुरते आठवडे विश्रांती न मिळालेल्या बाईचं अंग यानं खाली सरकतं. पाळीत फार जाण्याची कारणं तर कितीतरी : गर्भाशयातल्या गाठी, आतलं अस्तर जाड होणं, कोंब, थायरॉइड, तांबी, रक्त गोठण्यातला दोष आणि काही जणींमध्ये कर्करोग. यांतलं कोणतं कारण आहे हे पाहिल्याशिवाय दिलेलं काहीही अंदाजानंच दिलेलं असतं. चाकू असो की काढा.

आणि पिशवी काढायला ती 'हो' का म्हणते? खाडा पडला की दिवसाला ५०० रुपये किंवा त्याहून जास्त कापले जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल दोघांच्या नावावर असते, आणि मुकादमाचा हिशेब पाळीसाठी थांबत नाही. महिन्यातले चार दिवस हा तिच्या घरासाठी तोटा असतो. त्यात डॉक्टर म्हणतो, "पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल." लेकरं झालेली असतात. ती हिशेब करते आणि हंगाम सुरू व्हायच्या आत मोकळी होते. या साखळीत बाटली कुठं बसते? अशोकारिष्टानं खाडा माफ होत नाही, पालावर पाणी येत नाही आणि कॅन्सरची भीती घालणाऱ्याचं तोंडही बंद होत नाही. उलट "घेतलं असतं तर" म्हणताना दोष हळूच बाईच्या पदरात पडतो. मुकादम सुटतो, कारखाना सुटतो, दवाखाना सुटतो. उरते एक बाई, जिनं वेळेवर औषध घेतलं नाही.

आता बाटलीकडे येऊ. अशोकारिष्ट पाच हजार वर्षांचं आहे असं सर्रास सांगितलं जातं. या कल्पाचा पाठ ज्या भैषज्यरत्नावलीतला मानला जातो, तो गोविंददासांचा ग्रंथ अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला आहे. अशोकाची सालच घ्यायची तर ती नक्कीच जुनी. चरकसंहितेत अशोक वेदना शमवणाऱ्या द्रव्यांच्या गणात आहे आणि सालीसह उकळलेलं दूध रक्तप्रदरावर, म्हणजे फार रक्त जाण्यावर, देण्याचा प्रयोग हजारेक वर्षांपूर्वीच्या चक्रदत्तात आहे. ही परंपरा खरी आहे आणि मला तिचा आदर आहे. पण जुनं आहे म्हणून कोणत्या बाईला, कोणत्या कारणासाठी आणि किती लागू पडतं, याचं उत्तर मिळत नाही. ते उत्तर खुद्द जुन्या ग्रंथकारांनीही इतक्या सहज गृहीत धरलं नव्हतं. चरकाच्या चिकित्सास्थानातला तिसावा अध्याय योनिव्यापदांचा, म्हणजे स्त्रीरोगांचा आहे. त्यात वीस व्यापदं वेगवेगळी सांगितली आहेत आणि प्रदराचेही दोषांनुसार चार प्रकार करून प्रत्येकाचा उपचार निराळा दिला आहे. माधवनिदान तर त्याही पुढं जातं : जिचं रक्त सतत वाहतं आहे, जिला तहान, दाह आणि ताप आहे, जिचं रक्त क्षीण झालं आहे आणि जी दुबळी आहे, ती असाध्य, असं तिथं बजावून ठेवलं आहे. आमच्या भागात ही बाटली कुणाच्या हातात दिली जाते? नेमकी याच बाईच्या. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना, ५४ टक्क्यांना, रक्तक्षय आहे. वैद्यानं जिच्याबाबतीत धोक्याची खूण करून ठेवली, तिलाच दुकानदार न तपासता बाटली देतो आणि वर त्याला आयुर्वेद म्हणतो.

बाटलीत काय असतं तेही पाहावं. शास्त्रोक्त पाठात अशोकाच्या सालीचा काढा, सालीच्या दुप्पट गूळ, आंबवण्यासाठी धायटीची फुलं, आणि थोड्या थोड्या प्रमाणात जिरं, नागरमोथा, सुंठ, दारुहळद, कमळ, त्रिफळा, आंब्याची कोय, अडुळसा, चंदन. महिनाभर आंबल्यावर त्यात पाच ते दहा टक्के मद्यार्क आपोआप तयार होतो, तसं लेबलवर लिहिलेलंही असतं. "याला काही साइड इफेक्ट नाही" असं म्हणणाऱ्यांनी मधुमेही बाईला गुळाचं आणि लिव्हरच्या रोग्याला मद्यार्काचं काय, याचं उत्तर द्यावं. शिवाय २४ मिलिलिटर दोन वेळा धरलं तर ४५० मिलिलिटरची बाटली नऊ दिवसांत संपते. फडावरच्या बाईनं हंगामभर हा खर्च कुठून करायचा, हेही सल्ला देणाऱ्यानं सांगावं.

सगळ्यात मोठा प्रश्न सालीचाच आहे, आणि तिथं मला जरा थांबायचं आहे. देवणीत कुणालाही अशोक दाखव म्हटलं तर तो शाळेच्या आवारातली, तहसीलच्या रस्त्याकडेची, सरळ उंच वाढलेली, लांबट आणि कडेला लाटा असलेल्या पानांची झाडं दाखवील. तो औषधातला अशोक नव्हे. तो सीताफळाच्या कुळातला, आसुपालव. औषधातला सीताअशोक चिंचेच्या कुळातला. त्याची कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती असते, फुलांचे नारिंगी-लाल गुच्छ फांद्यांवरच फुटतात, आणि त्याला सह्याद्रीची, कोकणाची ओल लागते. आमच्या काळ्या, पाणी तुटणाऱ्या रानात तो आपणहून उगवत नाही. आमच्याकडे खेड्यातली एखादी म्हातारी घरच्या दारच्या 'अशोका'ची साल उकळून सुनेला देते, तेव्हा ती कोणत्याही ग्रंथात न सांगितलेलं झाड उकळते. हे अज्ञान तिचं नाही. झाडाचं नाव आपण सगळ्यांनीच तसं पसरवलं.

पण व्यापाऱ्याला हे सबब म्हणून चालणार नाही. देशात अशोकाच्या सालीची मागणी वर्षाला २,००० टनांहून अधिक आहे, आणि खरा सीताअशोक जंगलात इतका उरलेला नाही. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेनं १९९८ मध्येच त्याला धोक्याच्या यादीत घातलं. झाड तयार व्हायला दोन दशकं लागतात आणि साल सोलली की ते उभ्या उभ्या वाळतं. मग एवढी साल येते कुठून? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाजारातल्या सालीचे नमुने जनुकीय पद्धतीनं तपासले, तेव्हा बहुतेक नमुने सीताअशोकाचे नव्हतेच. आसुपालवाची साल तर जुनी, ओळखीची भेसळ आहे. म्हणजे "अशोकानं बरं वाटतं" म्हणणाऱ्या कित्येक जणींनी अशोक कधी घेतलेलाच नसेल. आणि जिथं साल खरी असते, तिथं ती बहुधा कोकणातलं एखादं झाड मारून आलेली असते.

यावर हमखास उत्तर येतं : "पण माझ्या मावशीला फरक पडला." पडला असेल, मी नाकारत नाही. पण पाळीचा रक्तस्राव महिन्यागणिक कमी-जास्त होतच असतो. माणूस औषधाकडे वळतो तो सगळ्यात वाईट महिन्यात, आणि पुढचा महिना बऱ्याचदा आपोआपच बरा जातो. वयात आलेल्या मुलीची पाळी सुरुवातीची एक-दोन वर्षं अनियमित असते आणि मग बसते. पंचेचाळिशी-पन्नाशीच्या बाईचा रक्तस्राव पाळी जाण्याआधी बिघडतो आणि पुढं थांबतो. या सगळ्यांचं श्रेय बाटलीला जातं. जिचा थांबला नाही, तिची गोष्ट मांडवात कुणी सांगत नाही. आजवर अशोकावर जे काम झालं ते बहुतांशी प्रयोगशाळेतलं, प्राण्यांवरचं किंवा थोड्या बायकांवरचं आहे. एका गटाला औषध, दुसऱ्याला दुसरं काही, आणि दोन्हीकडे रक्त मोजून पाहिलं, अशी मोठी चाचणी नाही. अशोक निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. जेवढं सिद्ध झालं आहे त्याच्या कितीतरी पट छातीठोकपणे आपण बोलतो, हा माझा आक्षेप आहे.

या छातीठोकपणात वेळ जातो, आणि तो कुणाचा जातो ते आमच्या शेजारच्या जिल्ह्यानं जगाला दाखवलं आहे. लातूर १९८२ पर्यंत ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, तिथं टाटा स्मारक आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मदतीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांहून अधिक खेड्यातल्या बायका तिच्यात होत्या. ज्या गटात हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची एकदाच, फक्त एकदाच तपासणी झाली, तिथं आठ वर्षांत या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या, त्याहून किंचित लहान गटात ६४. या बायका आपल्या होत्या, आपलीच बोली बोलणाऱ्या, ज्वारी-तुरीच्या रानात राबणाऱ्या. एका तपासणीनं मृत्यू निम्म्यावर येतात हे त्यांच्या शरीरांवरून जगाला कळलं. आणि आज? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नाही. पाळी जाऊन चार वर्षं झालेल्या, आणि अंगावर पुन्हा लाल दिसू लागलेल्या बाईला "अशोकारिष्ट घे, तीन महिने बघ" म्हणणं म्हणजे तिचे तीन महिने रोगाला देणं. संबंधानंतर रक्त जाणाऱ्या, घाण वासाचं पाणी जाणाऱ्या बाईला तसंच. बाटलीचा सगळ्यात वाईट दुष्परिणाम हा आहे आणि तो लेबलवर लिहिलेला नसतो.

देवणीचं नाव जगात गेलं ते इथल्या गाई-बैलांमुळं. आमच्याकडे गाय वरचेवर उलटायला लागली, तर शेतकरी पशुवैद्याला बोलावतो. पशुवैद्य हात घालून पिशवी तपासतो आणि मगच औषधाचं बोलतो. न तपासता दिलेलं औषध शेतकरी घेणार नाही, कारण गाय लाखाची आहे. घरच्या बाईसाठी मात्र न तपासताच बाटली येते.

मग काढा नाही तर चाकू, एवढंच का? नाही, आणि या वादात ही तिसरी वाटच नेहमी झाकली जाते. जंतुसंसर्गाला साध्या गोळ्या आहेत. रक्तक्षयाला लोह आहे, आणि रक्त फारच उतरलं असेल तर ते शिरेतूनही देता येतं. पाळीत फार जाणाऱ्या बाईसाठी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी आहे. ती जपानात उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्यानं १९६२ मध्ये शोधली. बाळंतपणानंतर रक्त जाण्यानं इतक्या आया मरतात, त्यांच्यासाठी काही करावं, अशी उताकोबाईंची तळमळ होती. २०१७ मध्ये वीस हजारांहून अधिक बाळंतिणींवर झालेल्या चाचणीत हे औषध लवकर दिल्यानं रक्तस्रावाचे मृत्यू घटतात हे दिसलं. पाळीच्या दिवसांतच घ्यायच्या या गोळ्यांनी रक्तस्राव बराच खाली येतो. ज्यांना पूर्वी रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील त्यांना त्या देत नाहीत, म्हणजे इथंही तपासणी आधीच. गर्भाशयात बसवायची, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू आहे, ती काही वर्षं पुरते. गाठ एकच असेल तर तेवढीच काढता येते. यांतलं काहीही न करून पाहता थेट पिशवीला हात घालणारा डॉक्टर गुन्हेगार आहे असं मी म्हणेन. पण त्याच्या गुन्ह्यावर उतारा म्हणून जो बाटली पुढं करतो, तोही बाईला याच वाटेपासून दूर ठेवतो.

"तुम्हाला आयुर्वेदाचा अपमान करायचा आहे," असा आरोप या टप्प्यावर होतो. माझं उत्तर मुंबईतलं आहे. सर्पगंधा हीसुद्धा आपली जुनी वनस्पती. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या ५० रोग्यांना दिली, प्रत्येकाचा रक्तदाब मोजून ठेवला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आकडे छापले. जगभरच्या डॉक्टरांनी त्यानंतर सर्पगंधेकडे वळून पाहिलं. वकिलांनी परंपरेचा अपमान केला, असं कुणी म्हणेल का? त्यांनी तिला मोजपट्टीसमोर उभं केलं. अशोकाला तेवढाही मान आपण अजून दिलेला नाही, आणि त्याच्या नावावर बाटल्या मात्र विकतो आहोत.

कायद्याचंही एक सांगतो. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानुसार बायकांच्या पाळीच्या तक्रारी दूर करण्याचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही. गर्भाशयाचे विकार आणि वंध्यत्वही त्याच्या यादीत आहेत. या रोगांत चुकीच्या भरवशावर दवडलेला काळ जिवावर बेतू शकतो. तरी तशा जाहिराती भिंतींवर, केबलवर आणि मोबाइलवर राजरोस चालतात.

दसरा झाला की देवणी, जळकोट, अहमदपूर, कंधार, मुखेड भागातल्या टोळ्याही बीडच्या टोळ्यांच्या मागोमाग निघतात. त्याआधी गावागावात प्रत्येक बाईचं हिमोग्लोबिन मोजलं जावं, गर्भाशयमुखाची तपासणी व्हावी, गरज असेल तिची सोनोग्राफी व्हावी, आणि त्याचा कागद तिच्या हातात असावा, मुकादमाच्या नव्हे. दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा धरला जाऊ नये. शस्त्रक्रिया सुचवली गेली तर दुसऱ्या, सरकारी डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय ती होऊ नये. वैद्यांनी या कामात उतरावं, बाजूला उभं राहू नये. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, उदगीर-लातूरलाही आयुर्वेद महाविद्यालयं आहेत आणि प्रसूती-स्त्रीरोग हा त्यांच्या अभ्यासक्रमातला विषय आहे. खात्रीची, जनुकीय तपासणी झालेली साल घ्या, कर्करोग आणि मोठ्या गाठी नसल्याची खात्री करून बायका निवडा, एका गटाला अशोक द्या, दुसऱ्याला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, दोन्हीकडे हिमोग्लोबिन मोजा, आणि जो निकाल येईल तो जसाच्या तसा छापा. अशोक कसोटीला उतरला, तर याच पानावर तसं लिहायला मी तयार आहे. पण तोवर दुकानात येऊन "अंगावरून जातंय" म्हणणाऱ्या बाईला बाटली देण्याआधी एवढं विचारा : वय किती, किती दिवस झाले, पाळी जाऊन पुन्हा सुरू झालंय का, आणि शेवटचं कुणी तपासलं कधी. शेवटच्या प्रश्नाला "कधीच नाही" असं उत्तर आलं, तर बाटली फळीवर परत ठेवा आणि तिला उदगीरच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगा.